ताप तोच, घर तेच, मग भाऊच का गेला?

‘डॉक्टर बाई, नमस्कार. माझा धाकटा भाऊ २००९ साली स्वाइन फ्लूनं गेला. वय ३३, भोसरीत कंपनीत कामाला. अंगानं जरा भरलेला, पण सर्दी-तापाला सुट्टी न घेणारा. गणपती बसायच्या दोन दिवस आधी त्याला ताप आला. आईला त्याच्या आदल्या दिवशी आला होता. तोच ताप, तोच खोकला. आई तेव्हा ६८ वर्षांची. चौथ्या दिवशी, चतुर्थीला, ती उठून मोदकांचं सारण ढवळत होती. भावाला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, एक सलाईन लावलं. “सरकारी केंद्रावर जाऊन तपासून येऊ का?” असं त्यानं मला विचारलं होतं. “त्या रांगेत उभा राहिलास तर नसलेला आजार घेऊन येशील,” असं मीच म्हणाले. पाचव्या दिवशी त्याला धाप लागली. दाखल केलं त्याच रात्री व्हेंटिलेटर. दाखल केल्याच्या आठव्या दिवशी, विसर्जनाला दोन दिवस असताना, गेला.

आता माझ्या मुलीला सहावा महिना लागलाय. तिच्या डॉक्टर फ्लूची लस घे म्हणतात. विहीणबाई म्हणतात, पोटुशीला असली इंजेक्शनं नकोत. जावई दोन्हीकडे मान डोलावतात. मुलगी नुसती खोकली तरी माझी रात्रीची झोप जाते. भावाच्या केसपेपरच्या झेरॉक्स सोबत पाठवते आहे. माझं काय चुकलं ते एकदा स्पष्ट सांगा. गोड बोलू नका.’

– एक बहीण, चिंचवड

ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण घाईचा एकच. तो आधी उरकते. मुलीला लस द्या. याच आठवड्यात द्या. कोणती, कशासाठी आणि विहीणबाईंशी काय बोलायचं ते पुढे येईलच. पण हे उत्तर तुम्ही इथेच मिटवून ठेवलंत तरी एवढं काम व्हायला हवं.

आता केसपेपर. दोनदा वाचले. झेरॉक्स पुसट आहे, पण दाखल करतानाची नोंद नीट लागते. ताप पाच दिवस, कोरडा खोकला, अंग मोडून आलेलं, मध्ये दोन दिवस जुलाब, आदल्या संध्याकाळी जिना चढताना दम, सकाळपासून बसल्या जागी धाप. श्वास मिनिटाला ३८. साध्या हवेवर ऑक्सिजन ७८. पांढऱ्या पेशी ३,८००. उंची ५ फूट ७ इंच, वजन १०४ किलो. (‘जरा भरलेला’ हे बहिणीचं माप झालं.) एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांच्या खालच्या भागात कापूस पिंजून टाकल्यासारखं पांढरं.

नावावर बोट ठेवलं तर हा कागद माझ्याच हातचा वाटेल. मी तेव्हा पुण्यातल्या एका रुग्णालयात फिजिशियन होते. ३ ऑगस्ट २००९ला पुण्यात १४ वर्षांची एक शाळकरी मुलगी गेली. देशातला या साथीचा तो पहिला मृत्यू. त्यानंतरचे आठवडे तुम्हाला सांगायला नकोत. शाळा बंद, सिनेमागृहं बंद, रुमालात कापूर-वेलदोडा बांधून हुंगणारी माणसं, नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा. आम्ही मात्र आत होतो आणि आत येणारा माणूस साधारण तुमच्या भावासारखाच असायचा. तरुण, कमावता, पाचव्या-सहाव्या दिवशी आलेला, ‘काल दुपारपर्यंत बरा होता’ असं बरोबरची माणसं सांगणारी.

हे फक्त पुण्यातच घडलं असंही नाही. त्याच वर्षी एप्रिल ते जूनमध्ये अमेरिकेत दाखल झालेल्या २७२ रुग्णांची नोंद छापून आली. ताप ९५ टक्क्यांना, खोकला ८८ टक्क्यांना, धाप ६० टक्क्यांना. उलट्या किंवा जुलाब तब्बल ३९ टक्क्यांना. एरवीच्या फ्लूत मोठ्या माणसाचं पोट इतकं बिघडत नाही, म्हणून आपल्याकडेही अनेकांचा पहिला दिवस ‘बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल’ यातच गेला. या २७२ जणांमधला मधला रुग्ण वयानं मांडला तर २१ वर्षांचा. पासष्टीच्या पुढचे जेमतेम ५ टक्के. चौघांतला एक अतिदक्षता विभागात गेला आणि शंभरातले सात दगावले. आणखी एक आकडा तुमच्यासाठी: दाखल झालेल्यांपैकी ७३ टक्क्यांना आधीपासून काही ना काही होतं, दमा, मधुमेह, हृदयविकार, गर्भारपण. म्हणजे चौघांतल्या एकाला काहीच नव्हतं. ‘ठणठणीत माणूस कसा गेला’ हा प्रश्न त्या वर्षी जगभरातल्या घरांना पडला होता.

मग आई कशी वाचली? याचं उत्तर मला फार आवडतं, आणि तुमच्यासारख्या बाईला ते कटूही वाटेल, तरी सांगते.

तुमच्या आजीच्या तोंडून मानमोडी, म्हणजे फ्लूची ती जुनी साथ, हा शब्द ऐकलाय का कधी? १९१८ साली जून महिन्यात मुंबईच्या बंदरावर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापानं आजारी पडले, तिथून ती पसरली, आणि पावसाळा सरता सरता तिचं जे दुसरं रूप आलं त्यानं गावंच्या गावं रिकामी केली. देशात एक कोटीच्या वर माणसं गेली. तीही तरुणांवरच उठली होती. त्या मानमोडीचा विषाणू साथ ओसरल्यावर मेला नाही. थोडा मवाळ होत, रूप पालटत, दर हिवाळ्या-पावसाळ्यातला साधा फ्लू बनून तो १९५७पर्यंत फिरत राहिला. १९५७ला दुसऱ्याच जातीचा फ्लू आला आणि त्यानं याला बाजूला सारलं.

तुमच्या आईचा जन्म १९४१चा धरू. सोळा वर्षांची होईपर्यंत तिला मानमोडीच्या नातवंडांनी दोन-चारदा तरी गाठलं असणार. शेंबूड, ताप, आल्याचा काढा, संपलं. पण शरीर असल्या ओळखी विसरत नाही. २००९चा विषाणू डुकरांमधून आला असला तरी त्याचं घराणं तेच. तपासणीत असं दिसलं, की साठी ओलांडलेल्या तिघांतल्या एकाच्या रक्तात या नव्या विषाणूला ओळखणारी प्रतिद्रव्यं आधीपासून होती. लहान मुलांच्या रक्तात ती जवळपास नव्हतीच, आणि तरुणांत फारच थोड्यांच्या. आईच्या शरीरानं दारातच ‘तू होय?’ म्हटलं असावं. भावाचा जन्म १९७६चा. त्याच्या शरीराला हा पाहुणा जवळपास अनोळखी.

त्यात वजन. हा धोका आम्हाला पुस्तकांनी आधी सांगितला नव्हता, तो त्या वर्षीच्या खाटांनी सांगितला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये त्यांच्या हिवाळ्यात ७२२ जण अतिदक्षता विभागात गेले. त्यातले चौथाईपेक्षा जास्त तुमच्या भावाच्या वजन-उंचीच्या वर्गातले. नव्वद टक्क्यांहून अधिक पासष्टीच्या आतले. आणि, हे मुलीसाठी लक्षात ठेवा, अकरातली एक गरोदर बाई.

आत काय झालं तेही थोडक्यात सांगते, कारण तुम्ही केसपेपरवर ‘ए.आर.डी.एस.’ (फुप्फुसं पाण्यानं भरून निकामी होणं) याखाली पेनानं रेघ मारून ठेवली आहे. साधा फ्लू नाक-घसा-श्वासनळीत राहतो. हा काही जणांत खाली फुप्फुसाच्या फुग्यांपर्यंत पोचायचा. त्या फुग्यांच्या भिंती इतक्या पातळ असतात, की पलीकडच्या रक्तात हवा आपसूक झिरपते. विषाणूनं आणि त्याच्याशी झुंजणाऱ्या शरीरानं मिळून त्या भिंती फाडल्या, की फुग्यांत पाणी भरतं. मग बाहेरून शंभर टक्के ऑक्सिजन दिला तरी आत जायला वाट उरत नाही. तापाचे पहिले चार दिवस आणि हे पाचव्या दिवसानंतरचं प्रकरण म्हणजे जवळजवळ दोन वेगळे आजार. कॅनडातल्या अतिदक्षता विभागांतल्या १६८ रुग्णांची नोंद आहे. लक्षणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात यायला साधारण चार दिवस, आणि रुग्णालयात आल्यापासून अतिदक्षता विभागात जायला साधारण एकच. चार दिवस हळूहळू, आणि मग एका दिवसात खाली. तुमच्या घरातली तारीखवार हकीकत हीच आहे.

त्या वॉर्डात मला कानानं निदान करायची सवय लागली. धाप लागलेला तरुण ‘मला धाप लागते’ असं म्हणतच नाही. तो म्हणतो, “मॅडम, मी… बरा आहे… फक्त रात्री… झोप नाही लागत.” वाक्य तीन तुकड्यांत येतं. एक मुलगा खाटेवर बसून ऑफिसला फोन लावत होता, सोमवारी येतो म्हणून. बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला तर आकडा ८२. तो हसत होता. म्हणून मी सगळ्यांना एका दमात वीसपर्यंत आकडे म्हणायला लावायची. बारालाच अडकला की त्याला घरी सोडायचं नाही, मग एक्स-रेची फिल्म कितीही स्वच्छ असो.

आता तुमचा प्रश्न. गोड बोलू नका म्हणालात, बरं.

औषध लवकर मिळालं असतं तर भावाची वाचण्याची शक्यता वाढली असती. हे खरं आहे. ३८ देशांतल्या, त्या साथीत दाखल झालेल्या २९ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी नंतर एकत्र केल्या गेल्या. टॅमिफ्लूसारखं फ्लूच्या विषाणूवरचं औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालेल्यांमध्ये मृत्यूचा धोका, उशिरा सुरू झालेल्यांच्या मानानं जवळपास निम्मा होता. निम्मा, शून्य नव्हे. पहिल्याच दिवशी गोळी घेऊन गेलेलेही आहेत.

पण हे औषध त्याला त्या वेळी मिळालं असतं का? २००९ला ते कोपऱ्यावरच्या दुकानात नव्हतं. सुरुवातीला फक्त सरकारी केंद्रांतून दिलं जायचं. सरकारनं रुग्णांचे अ, ब, क असे गट पाडले होते. थोडा ताप, खोकला, घसा, अंगदुखी, जुलाब-उलटी हा अ गट. त्यांची तपासणी नाही, टॅमिफ्लू नाही. घरी थांबायचं, गर्दीत जायचं नाही आणि एक-दोन दिवसांनी डॉक्टरांनी पुन्हा बघायचं. ताप चढा आणि घसा फार धरलेला, किंवा माणूस गरोदर, वयस्कर, आधीच्या आजाराचा, तर ब. धाप, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब उतरणं, थुंकीत रक्त, नखं निळी हा क गट. त्यांना लगेच दाखल करायचं आणि अहवालाची वाट न बघता औषध सुरू करायचं.

तुमचा भाऊ तुम्हाला विचारत होता तेव्हा तो अ गटात होता. रांगेत जाऊ नकोस, घरी पड, हे तुम्ही भीतीनं म्हणालात. पण सरकारी कागदावरही त्या दिवशी त्याच्यासाठी हेच लिहिलं होतं. तो गेला असता तर बहुधा त्याला पाहून परत पाठवलं असतं.

चूक शोधायचीच तर ती तुमच्या वाक्यात नाही. ती चौथ्या दिवशीच्या जिन्यावर आहे. तरणा माणूस एक मजला चढून थांबतो तेव्हा तो अ गटातून क गटात गेलेला असतो. त्या संध्याकाळी निघाला असता तर बारा-चौदा तास मिळाले असते. पण हे मला आज, निवांत, चहाचा कप शेजारी ठेवून दिसतंय. तेव्हा घरोघरी ऑक्सिजनचा चिमटा नव्हता, तुमच्या डॉक्टरांकडेही बहुधा नसेल. गणपती घरात, दोन आजारी, पाहुणे येणार. आणि तीन दिवस तापलेल्या माणसाला जिन्यावर दम लागला तर ‘अशक्तपणा आलाय’ असंच कुणीही म्हणेल. त्याचं त्याला स्वतःलाही तसंच वाटलं असणार.

रुग्णालयातही मला काही ढळढळीत दिसत नाही. औषध पहिल्याच तासात दिलंय. अँटिबायोटिक दिलंय तेही बरोबर, कारण फ्लूमागून जिवाणूंचा न्यूमोनिया येतो. अमेरिकेत त्या उन्हाळ्यात मेलेल्या ७७ जणांचे फुप्फुसाचे नमुने तपासले तर २२ जणांत तो सापडला. चौथ्या पानावर स्टेरॉईड आहे. तेव्हा सगळेच देत होते, मीही दिलं. फ्लूच्या न्यूमोनियात त्याचा उपयोग नाही, झाला तर तोटाच, हे नंतर कळलं. (कोविडमध्ये स्टेरॉईडनं जीव वाचले, त्यामुळे आता लोक कुठल्याही खोकल्याला डेक्साची गोळी स्वतःच्या मनानं घेतात. कृपा करून तुमच्या घरात हे होऊ देऊ नका.) पोटावर झोपवणं कुठे लिहिलेलं नाही. आज ते पहिल्याच दिवशी केलं असतं. त्यानं माणसं वाचतात याचा भक्कम पुरावा २०१३ला आला. सहाव्या दिवसापासून लघवी कमी होत गेली, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) चढत गेलं. फुप्फुसापाठोपाठ मूत्रपिंडं गेली की माणूस परत आणणं फार अवघड. स्वॅबचा अहवाल दाखल झाल्याच्या तिसऱ्या दिवशी आला. त्यानं उपचारात काडीचा फरक पडला नसता. पडला तो तुमच्या मनात. त्या कागदामुळे आजाराला नाव मिळालं आणि त्या नावाला तुमचं वाक्य चिकटलं.

माझ्या नावावर मात्र खरीखुरी चूक आहे. त्याच सप्टेंबरमध्ये ओपीडीत आठव्या महिन्यातली एक मुलगी आली. तापाचा दुसरा दिवस, छाती स्वच्छ. बाहेर शंभर माणसं खोळंबलेली. ‘व्हायरल आहे, गोळी घे, पाणी पी, दोन दिवसांनी दाखव.’ गरोदर बाई आली की त्याच दिवशी टॅमिफ्लू, हे मला पाठ होतं. तरी हातानं सवयीची चिठ्ठी लिहिली. तिसऱ्या दिवशी ती स्ट्रेचरवरून आली. रात्रीत सिझेरियन करून बाळ काढलं आणि ती अकरा दिवस व्हेंटिलेटरवर राहिली. दोघंही वाचली, यात माझं कर्तृत्व काही नाही. दर दिवाळीला तिचा फोन येतो. ती काय बोलते ते मला नंतर ऐकू येतं, आधी मी तिचा श्वास ऐकते.

म्हणून तुमच्या मुलीबद्दल मी इतकी हट्टी आहे.

सहाव्या महिन्यानंतर गर्भाशय वर चढतं, छातीचा पडदा वर ढकलला जातो, फुप्फुसाला पसरायला जागा कमी. बाळाचाही ऑक्सिजन त्यातूनच जायचा. शिवाय पोटातलं बाळ निम्मं परकं असूनही शरीरानं ते सांभाळायचं असतं, त्यासाठी प्रतिकारशक्ती आपला बाज थोडा बदलते. अमेरिकेत २००९ला फ्लू झालेल्या ७८८ गरोदर स्त्रियांची नोंद आहे. तीस दगावल्या. ज्यांना पहिल्या दोन दिवसांत औषध मिळालं त्यांच्यात मृत्यू एकच. चार दिवसांनंतर औषध मिळालेल्यांत निम्म्याहून अधिक जणींना अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. दोन दिवसांत मिळालेल्यांत दहापैकी एकीलाही नाही. मी इतके आकडे एरवी कुणाला सांगत नाही. हे दोन मात्र जावयाला सांगा, मान कुठल्या बाजूला डोलवायची ते ठरेल.

२००९चा विषाणू गेलेला नाही. मानमोडीसारखाच तोही आता दरवर्षीचा फ्लू बनून राहिलाय. मध्येच उसळतो, २०१५ला देशात ४२ हजारांवर लोकांना झाला आणि जवळपास तीन हजार गेले. पुण्याकडे त्याचा जोर पावसाळ्यात, थोडा थंडीत. फरक इतकाच, की भाऊ गेला तेव्हा देशात या विषाणूवरची लस नव्हतीच; हडपसरच्या सीरमची नाकात फवारायची लस यायला २०१०चा जुलै उजाडला. आता दंडात टोचायची मिळते आणि त्या विषाणूचं ताजं रूप तिच्यात दरवर्षी असतं. गरोदरपणात हीच, मेलेल्या विषाणूची, टोचायची लस घ्यायची. नाकातली जिवंत विषाणूची नाही. दंड एक-दोन दिवस दुखेल, कदाचित कणकण येईल. संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणून या आठवड्याचा आग्रह. आणि आईच्या रक्तातली प्रतिद्रव्यं नाळेतून बाळाला जातात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही, त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांत त्याच्याजवळ आईनं दिलेलंच काय ते असतं.

विहीणबाईंशी भांडू नका. त्यांना फक्त विचारा, धनुर्वाताचं इंजेक्शन सुनेला दिलंत ना? तेही पोटुशीलाच दिलं जातं, आणि त्यांच्या वेळीही दिलं होतं. मग त्यांनाच सोबत घेऊन मुलीच्या डॉक्टरांकडे जा. लस घ्यायची की नाही यापेक्षा, आपल्याला कुणी विचारलं नाही, हेच बऱ्याचदा सलत असतं. सुनेबरोबर त्यांनीही टोचून घेतलीत तर उत्तमच, बाळ त्यांच्याच मांडीवर असणार. एक विनंती: भावाची गोष्ट तिथे काढू नका. मुलगी तेव्हा शाळेत होती, मामा तिला आठवतो, आणि तुम्ही खोकल्याला दचकता हे तिला तुमच्याआधी कळतं.

लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. ताप-खोकला आलाच तर त्याच दिवशी, दुसऱ्या नव्हे, तिच्या डॉक्टरांना फोन. ‘फ्लू असू शकतो का, टॅमिफ्लू सुरू करायचं का’ हे तुम्ही होऊन विचारा. माझ्यासारखीचा हात सवयीनं चालतो. आता ती गोळी चिठ्ठीवर दुकानात मिळते, गरोदर बाईला चालते आणि स्वॅबच्या अहवालासाठी थांबवायची नसते. तापाला पॅरासिटामॉल, ब्रुफेन-कॉम्बिफ्लाम नको. कोविडमधला ऑक्सिजनचा चिमटा कपाटात असेल, त्याचे सेल बदलून ठेवा. नखाला रंग असेल तर पुसून, बोट गार असेल तर चोळून मग लावायचा. ९५च्या खाली आकडा, वाक्य तुटणं, जिन्यावर थांबणं, ताप उतरून पुन्हा चढणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही दिसलं की फोन नाही, गाडी काढायची. रात्रीचे दोन असले तरी.

आणि आईला विसरू नका. ती आता ऐंशी ओलांडलेली आहे. लहानपणीच्या त्या ओळखीवर तिनं २००९ काढलं, पण विषाणू तेव्हापासून बराच बदललाय, आणि म्हातारी माणसं आजारी कमी पडली तरी एकदा दाखल झाली की त्यांचं जास्त बिघडतं, हे त्या वर्षीच्या कॅलिफोर्नियाच्या नोंदींतही दिसलं होतं. त्याच खेपेत तिलाही टोचून आणा.

केसपेपर टपालानं परत पाठवते आहे. झेरॉक्समध्ये चुकून एक्स-रेची मूळ फिल्म आली होती. ती घडी पडू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून वेगळी रजिस्टर केली आहे. पोचली की कळवा.